आठवीनंतरचे ताट : किशोरवयीन पोषण आणि शालेय प्रगती या अभ्यासाची प्रस्तावना

१

उपाशीपोटी अभ्यास होत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. झरी जामणीतल्या कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, आजी ते सांगेल, पुसदकडच्या तांड्यावरचा नायक सांगेल, आणि पहिल्याच तासाला पेंगणारा वर्ग रोज पाहणारे गुरुजी तर सांगतीलच. मग या विषयाचा वेगळा अभ्यास कशाला, असे नव्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. अडचण अशी की हे वाक्य खरे असले तरी त्यावरून पुढे काय करायचे ते कळत नाही. उपाशी म्हणजे किती, आणि केव्हापासून? पोट भरलेले पण रक्त कमी असलेले मूल उपाशी धरायचे की नाही? अभ्यास म्हणजे हजेरी, लक्ष, स्मरणशक्ती की दहावीचे गुण? सहा वर्षांच्या मुलाला लागू पडणारे उत्तर चौदा वर्षांच्या मुलीला लागू पडते का? हे प्रश्न एकेक करून विचारायला लागलो की आहारशास्त्र, बालरोगशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा पाच वाटा एका चौकात येऊन मिळतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात सहावी वाट शेतीची असते.

या चौकात पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. शिक्षक, आशाताई, समाजकार्याचे विद्यार्थी, प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकते रुजू झालेले डॉक्टर, शिक्षणावर लिहिणारे पत्रकार, असे सगळेच त्यात आले. संख्याशास्त्र येत नसेल तरी बिघडत नाही. विचारलेल्या प्रश्नाला चिकटून राहण्याची सवय मात्र हवी. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शरीराची मागणी ज्या वर्षांत सर्वांत जास्त असते, त्याच वर्षांत आपली व्यवस्था मुलांच्या ताटावरून हात काढून घेते. ती जागा आठवी आणि नववी यांच्या मधोमध आहे, आणि या विषयात येणाऱ्याने पहिल्यांदा तिथे उभे राहून पाहावे.

२

पोषणाच्या अभ्यासात किशोरवय मागे पडले याला कारणे होती. कुपोषणाचे मृत्यू मुख्यतः पहिल्या पाच वर्षांतले. त्यामुळे संशोधन, पैसा आणि सहानुभूती तिकडे वळली, आणि ती वळायलाच हवी होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, सहाव्या वर्षापर्यंतची. आदिवासी भागातली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना यवतमाळमध्येही आहे. तिच्यातून गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचे चौरस जेवण मिळते, लहानग्यांना अंडी मिळतात. वयाची सहा वर्षे भरली की तेही थांबते. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या ‘पहिल्या हजार दिवसां’वर गेली दीड-दोन दशके सगळे जग बोलते आहे. त्याला पुरवणी जोडली ती डोनाल्ड बंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी ‘पुढच्या सात हजार दिवसां’चा हिशेब मांडला. हजार दिवसांत केलेली गुंतवणूक पुढची एकोणीस वर्षे राखली नाही तर तिच्यातले बरेचसे हातचे जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

शरीरशास्त्र त्याला दुजोरा देते. बाळपणानंतर शरीर दुसऱ्यांदा झपाट्याने वाढते ते दहा ते एकोणीस या वयात. प्रौढपणी असणाऱ्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग आणि उंचीचा सहावा-पाचवा हिस्सा या काळात तयार होतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्या वर्षी. खाण्याची आबाळ असलेल्या मुलांत हा वाढीचा काळ आणखी लांबतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते, त्याच वयाच्या मुलाला २२ आणि प्रौढ पुरुषाला १९. उष्मांकांचे तसेच आहे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी पुरतात, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलाला २८६० आणि मुलीला २४०० लागतात. घरात ताटे वाढताना मात्र पहिला मान कमावत्याचा असतो, आणि शेवटी उरलेले बहुधा मायलेकींच्या वाट्याला येते.

मेंदूही याच वयात घडत असतो. नियोजन करणे, मन आवरणे, एका गोष्टीवर लक्ष टिकवणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग विशी उलटेपर्यंत पक्का होत राहतो. मज्जातंतूंवरचे आवरण तयार व्हायला आणि डोपामीनसारखी संदेशवाहक द्रव्ये बनायला लोह लागते. त्यामुळे लोह कमी पडले तर फटका फक्त धावण्याच्या शर्यतीत बसत नाही, फळ्याकडे बघत बसलेल्या मुलीलाही बसतो.

आता कायद्यांकडे पाहू. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यातला शाळेतल्या जेवणाचा हक्क आठवीपर्यंतचा. बालमजुरी कायद्याने २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणली. घरच्या शेतातल्या मदतीला त्यातूनही सूट आहे, आणि चौदा पूर्ण झाल्यावर धोक्याची नसलेली कामे खुली होतात. म्हणजे चौदाव्या वर्षी एकाच सुमारास शाळेची सक्ती सरते, जेवण सरते आणि मजुरीची वाट मोकळी होते. किशोरवयीन मुलींसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. पण २०२२ पासून ती १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी, आणि ईशान्येकडची राज्ये सोडली तर फक्त आकांक्षित जिल्ह्यांत. महाराष्ट्रात असे जिल्हे चार : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. वाशिमची हद्द यवतमाळला लागून आहे. मानोऱ्याची मुलगी योजनेत बसते आणि शेजारच्या दिग्रसची बसत नाही.

३

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, पांढऱ्या सोन्याचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती. पाचांतली जवळजवळ चार माणसे खेड्यांत, आणि दर शंभरात अठरा-एकोणीस आदिवासी. त्यांत गोंड, परधान, आंध आणि कोलाम. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. पुसद, दिग्रस, दारव्हा भागांत बंजारा समाजाचे तांडे. घरात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशी अनेक मुलांची स्थिती आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे जिल्ह्याचे नाव देशभर गेले. त्या घरांतल्या शाळकरी मुलांचे पुढे काय होते, याकडे मात्र कमी जणांनी पाहिले.

इथे शेतातले पीक आणि ताटातले अन्न यांची फारकत झालेली आहे. पूर्वी कपाशीबरोबर घरच्यापुरती ज्वारी असे. आता कपाशी, सोयाबीन आणि तूर हीच मुख्य पिके, आणि तिन्ही बाजाराकडे तोंड करून उभी. कपाशीत तुरीचे तास असतात, पण तूर निघाली की उसनवारी फेडायला जाते. घरात शिजणारे वरण पातळच राहते. ज्वारीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, साधारण ५८० किलोकॅलरी. चौदा वर्षांच्या मुलीच्या गरजेचा हा पाव भागही नाही. शिवाय शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, पॉलिश केलेल्या तांदळात एकाहूनही कमी. ही तूट भरून काढायला सरकारने रेशनच्या आणि शाळेच्या तांदळात लोहयुक्त कृत्रिम दाणे मिसळायला सुरुवात केली. गावोगावी लोक ते ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून टाकतात.

याचा अर्थ इथे खायला चांगले काही नाही असा नव्हे. पावसाळ्यात तरोटा आहे, अंबाडी आहे, बांधाबांधावर रानभाज्या आहेत. जवसाची चटणी, तीळ, शेवगा, बोरे, सीताफळे, जंगलालगत टेंभरे, चारोळी आणि मोह. कोलाम आणि गोंड घरांतल्या म्हाताऱ्यांना यांतले कितीतरी ठाऊक असते. पण तणनाशकाने बांध उजाड होत चालले आहेत, आणि दुकानात टांगलेली पाच रुपयांची कुरकुरीत पुडी हाताशी असते.

नववीतल्या एका मुलीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतरचे दिवस आहेत, कापसाची वेचणी चालू आहे. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे आई दिवस उगवायला घर सोडते. पाणी भरणे, झाडझूड, धाकट्याला तयार करणे हे सगळे मुलीकडे. ती बिनदुधाचा चहा घेते, जमलेच तर रात्रीची भाकर त्यात बुडवून खाते, आणि धावतपळत मानव विकास कार्यक्रमाची निळी एसटी गाठते. डब्यात भाकर आणि ठेचा असतो. कधी डबाच नसतो, कारण पोळी-भाजीचा डबा आणणाऱ्या मैत्रिणींपुढे तो उघडायला लाज वाटते. दुपारी शेजारच्याच इमारतीत आठवीपर्यंतची मुले खिचडी खात असतात. संध्याकाळी ती घरी पोचते, स्वयंपाकाला लागते, आणि दिवसातले पहिले पोटभर जेवण रात्री आठला होते. परिपाठाच्या वेळी भोवळ येऊन ती खाली बसली आणि बाईंनी ‘सकाळी काय खाल्लं?’ विचारले, तर उत्तर येते, ‘चाय पेली जी.’ तिचा प्रवास सरकारने फुकट केला आहे. गेल्या वर्षीपर्यंत तिचे दुपारचे जेवणही फुकट होते.

या दिवसाच्या जोडीला वर्षाचेही चक्र पाहावे लागते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात. त्यानंतर लगेच श्रावण-भाद्रपद येतात, जेव्हा घरातले धान्य आणि हातातला पैसा दोन्ही आटलेले असतात. दसरा-दिवाळीपासून वेचणी, आणि पुसद, महागाव, उमरखेडकडच्या काही तांड्यांवरून ऊसतोडीची पांगापांग. वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. मोहफुले पहाटे वेचायची तीही त्याच दिवसांत. एका मुलाची एकदाच घेतलेली चाचणी आणि एकदाच केलेले वजन यातले काहीच सांगत नाही. ऑगस्टमध्ये मोजलेले मूल आणि जानेवारीत मोजलेले तेच मूल वेगळे निघू शकते.

४

अन्न आणि शिकणे यांचा संबंध शास्त्राने कसा तपासला, हे थोडक्यात पाहू. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की न्याहरी चुकल्याचा फटका सर्व मुलांना सारखा बसत नाही. धडधाकट मूल एक सकाळ निभावून नेते. आधीच खुरटलेले किंवा रोड मूल मात्र चाचण्यांत मागे पडते. त्याच गटाने पुढे ग्रामीण शाळांमध्ये वर्षभर न्याहरी देऊन पाहिली. १९९८ च्या अहवालात हजेरी आणि वजन-उंची थोडी वाढलेली दिसते, आणि लहान वर्गांतल्या मुलांचे अंकगणित सुधारलेले दिसते. केनियात शार्लट न्यूमन यांच्या गटाने मुलांना शाळेत तीन प्रकारचा खाऊ दिला : एकात मांस, एकात दूध, एकात नुसते तेल घालून वाढवलेले उष्मांक. आकृत्यांवरून तर्क करण्याच्या चाचणीत मांस मिळालेली मुले पुढे गेली. पोट भरणे आणि पोषण होणे यांतला फरक या प्रयोगाने चांगला उघड केला.

हे सारे मुख्यतः प्राथमिक वयातले. किशोरवयाचा पुरावा तुलनेने कमी आहे, पण आहे तो बोलका आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९९६ मध्ये अशा शाळकरी मुली निवडल्या, ज्यांचे हिमोग्लोबिन ठीक होते पण शरीरातला लोहाचा साठा रिता होता. लोहाच्या गोळ्या मिळालेल्या मुलींची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता नुसती दिसायला तशीच गोळी घेतलेल्या मुलींपेक्षा सरस ठरली. रक्त ‘नॉर्मल’ म्हणून सुटलेली मुलगीही अभ्यासात लोहाची किंमत मोजत असते, हे त्यातून कळले. आणि एक प्रयोग तर आपल्या महाराष्ट्रातला, भाकरीचाच. ग्रामीण निवासी शाळांतल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी काहींना नेहमीच्या आणि काहींना मुळातच जास्त लोह असलेल्या बाजरीचे पदार्थ सहा महिने दिले. २०१८ मध्ये सॅम्युएल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत लोहयुक्त बाजरी खाल्लेली मुले लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत अधिक चपळ ठरली. औषध नाही, बाहेरचा पूरक आहार नाही, रोजच्याच भाकरीतला बदल. ज्वारीच्या मुलखाने याची नोंद घ्यायला हवी.

शालेय जेवणाचा पुरावाही भक्कम होत आला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी ८० टक्के हजेरीच्या अटीवर महिन्याला ३ किलो धान्य घरी दिले जाई. शिजवलेले जेवण सक्तीचे झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने. सहावी ते आठवीचे वर्ग टप्प्याटप्प्याने २००७-०८ नंतर त्यात आले. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या आकडेवारीवरून २०१९ मध्ये दाखवले की पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालेल्या प्राथमिक वयाच्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होते, गणिताचे ९ टक्क्यांनी. २०२१ मध्ये सुमन चक्रबर्ती आणि सहकाऱ्यांनी तर पुढची पिढी पाहिली : ज्यांना लहानपणी शाळेत जेवण मिळाले होते, अशा स्त्रियांच्या मुलांत खुरटेपणा कमी आढळला. एका ताटाचा परिणाम वीस वर्षांनी दुसऱ्याच बाळाच्या उंचीत दिसतो, तर त्याची किंमत वार्षिक अंदाजपत्रकात कशी मांडायची? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने यावर जरूर डोके खपवावे.

५

आता सावधगिरीच्या चार गोष्टी.

पहिली, कारण आणि सोबत यांत गल्लत नको. एखाद्या शाळेत सडपातळ मुलांचे गुण कमी दिसले, तर ‘वजन कमी म्हणून गुण कमी’ असे लिहायचा मोह होतो. पण त्याच मुलांच्या घरी वीज जाते, वह्या नसतात, आईबाप शिकलेले नसतात, शाळेत शिक्षक अपुरे असतात. गरिबी दोन्हीकडे हात घालते. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत मुलांना दिवसभराचे जेवण मिळते, म्हणून त्यांची तुलना गावातून ये-जा करणाऱ्या मुलांशी करावीशी वाटते; पण आश्रमशाळेत कोणती मुले जातात आणि का, याचा विचार केल्याशिवाय ती तुलना लंगडी. त्यासाठीच एकाच मुलाची वारंवार मोजणी, किंवा योजना आधी मिळालेली आणि नंतर मिळालेली गावे, अशा रचना लागतात.

दुसरी, मोजमापाची. किशोरवयात नुसते वजन निरर्थक असते. उंची आणि वय जोडूनच त्याचा अर्थ लागतो. आणि वय? जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून असायचा, कारण जन्माची नोंद नसली की गुरुजीच तारीख देत. आता जन्मदाखले वाढले आहेत, तरी दूरच्या पोडावर ही तारीख अजून भेटते. वर्षाची चूक झाली की मुलगी कागदावर खुरटी ठरते किंवा खुरटी असून सुटते. सणवार, पेरणी, भावंडांचा क्रम विचारून वय जुळवण्याचे कसब आधी शिकून घ्या. आहार विचारतानाही हेच. ‘काल वरण खाल्लं’ या नोंदीला अर्थ नाही. एका वाटीत डाळ किती आणि पाणी किती, पातेले किती जणांत संपले, हे विचारावे लागते. शक्य तर कोरडी डाळ मापून घ्यावी लागते. प्रथिनांचा सगळा हिशेब त्या वाटीत असतो.

तिसरी, रक्ताची. २०१६ ते २०१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयातल्या ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींचा आकडा ५९ टक्के आहे. वयोगट वेगळा हे एक कारण. दुसरे, पहिल्यात शिरेतून रक्त घेतले होते आणि दुसऱ्यात बोट टोचून. कोणता आकडा कुठून आला हे न पाहता तो भाषणात वापरू नये. शिवाय सगळा रक्तक्षय लोहाचा नसतो. त्याच सर्वेक्षणात जवळजवळ एक तृतीयांश किशोरवयीनांत बी-१२ ची कमतरता होती. आणि विदर्भात सिकलसेल विसरून चालणारच नाही. गोंड, परधान आणि इतरही समाजांत हा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या मुलीला लोहाच्या गोळ्या वाढवून बरे वाटत नाही. तिला तपासणी, उपचार आणि वेदनेच्या दिवसांत बुडालेला अभ्यास भरून देणारे शिक्षक हवेत. तिला ‘कमी खाते म्हणून अशक्त’ असे लिहून मोकळे होणारा अभ्यास तिच्यावर अन्याय करतो. वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर पट्ट्यातल्या फ्लोराइडयुक्त पाण्याचाही प्रश्न याच पंगतीतला.

चौथी, योजना कागदावर आणि योजना तोंडात यांतल्या अंतराची. शाळेत दर सोमवारी मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचे उदाहरण घ्या. २०१३ पासून हा साप्ताहिक कार्यक्रम देशभर आहे, आणि तो सहावी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आहे. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. रिकाम्या पोटी मळमळते. सहावी ते आठवीला ती खिचडीनंतर देता येते. नववीला खिचडी नाही, गोळी आहे. एक-दोघींना उलटी झाली की बातमी वर्गभर पसरते, मग गोळ्या मुठीत राहतात आणि शाळेमागच्या गवतात सापडतात. मुली ऐकत नाहीत, अंधश्रद्धा आहे, असे अहवाल त्यावर लिहिले जातात. खरे तर जेवण आठवीला थांबले, गोळी पुढे गेली, आणि दोघांची चुकामूक झाली. वरून जेवणाबरोबर चहा घेतला की लोह कमी शोषले जाते, लिंबू-आवळ्याने वाढते. ही साधी गोष्ट गोळीसोबत सांगितली जात नाही.

वर्ध्याच्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २००६ मध्ये ग्रामीण वर्ध्यातल्या किशोरवयीनांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतली निम्म्याहून अधिक मुले-मुली रोड होती. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ. अशा पाहण्या शालेय प्रगतीशी जोडण्याचे काम या नदीच्या दोन्ही तीरांवर व्हायला हवे.

६

हे काम सुरू करायला मोठे अनुदान लागत नाही. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत हजेरीपट असतो, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद असते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेल्या तपासणीच्या नोंदी असतात. तिन्ही कागद एकाच कपाटात असूनही ते तीन वेगळ्या खात्यांना जातात, त्यामुळे एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचत नाही. एका शिक्षिकेने आपल्या वर्गापुरते ते एकत्र मांडले, महिन्यागणिक हजेरी, दर तीन महिन्यांनी उंची-वजन, वेचणीच्या आणि मोहाच्या दिवसांची खूण, तरी तिच्या हाती एक चांगला अभ्यास लागेल. त्या मुली नववीत हायस्कूलला गेल्यावर पुढच्या शिक्षिकेने तीच वही चालू ठेवली, तर आठवीनंतर ताट गेल्यावर नेमके काय घडते, हे यवतमाळला स्वतःच्या आकड्यांत सांगता येईल. मुलांची नावे आणि तब्येत वर्गात उघडी पडू नये एवढी काळजी मात्र घ्यावीच लागेल. ‘अशक्त’ हा शिक्का चौदाव्या वर्षी खोल रुततो.

या नोंदींचा उपयोग धोरणाला होतो, आणि धोरण तर सतत हलत असते. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने शालेय जेवणात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय घेतला. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी बंद करून लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. ज्या गावात लोकांकडेच वर्गणी नाही, तिथे अंडे कुठून येणार? अशा वेळी ‘अंड्याच्या दिवशी हजेरी इतकी वाढत होती’ असे दाखवणारी वही शंभर निवेदनांहून जास्त कामाची.

दहावीपर्यंत जेवण देणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना तामिळनाडू आणि कर्नाटक दाखवावेत. दोन्ही राज्ये ते देतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत न्याहरीचीही शिफारस केली आहे. मे २०२५ पासून सहावी ते आठवीच्या एका मुलाच्या जेवणासाठी, धान्य सोडून, साहित्याचा ठरलेला दर १० रुपये १७ पैसे आहे. नववी-दहावीच्या मुलीला तेवढेच द्यायचे म्हटले तर तिच्या वयाला ते पुरेसे होईल का, वेचणीच्या दिवसांत ते तिला शाळेत आणेल का, तिच्या दहावीच्या निकालात आणि पुढच्या आयुष्यात त्याचे काय उतरेल, हे प्रश्न अजून खुले आहेत. त्यांची उत्तरे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत बसून मिळणार नाहीत. ती घाटंजी, राळेगाव, आर्णी, पांढरकवड्याच्या शाळांत मिळतील. ज्यांना मराठीबरोबर थोडी कोलामी किंवा गोरमाटी येते, ज्यांना तुरीचे तास आणि वरणाची वाटी दोन्ही ठाऊक आहेत, ज्यांचे शाळेत रोजचे जाणे-येणे आहे, अशांची या अभ्यासाला आज सर्वांत जास्त गरज आहे. तुम्ही त्यांपैकी असाल तर येत्या जूनअखेरीस, शाळा उघडण्याच्या आठवड्यात, नववीच्या एका वर्गापासून सुरुवात करा.